जुन्या गाडीचं चार्जिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं बारा व्होल्टच्या जुन्या गाड्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत: कार्ब्युरेटरच्या काळातल्या, फार तर सुरुवातीच्या इंजेक्शनच्या. या गाड्यांत चार्जिंगचं व्होल्टेज रेग्युलेटर ठरवतो, मग तो अल्टरनेटरच्या (इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) पोटात असो की बाहेर पत्र्यावर बसवलेला. नव्या गाड्यांत संगणक हे व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त करत राहतो, म्हणून खालचे आकडे त्यांना जसेच्या तसे लावू नका.

सकाळी गाडी चालू होत नाही. दोष बॅटरीचा की चार्जिंगचा?

नुसतं बघून हे कुणालाच सांगता येत नाही. मीटर (मल्टिमीटर) लावून तीन वेळा मोजलं की बहुतेक वेळा कळतं, आणि त्याला दहा मिनिटंही लागत नाहीत.

पहिलं माप गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, काहीही चालू न करता घ्यायचं. मीटर डीसीच्या २० व्होल्टवर ठेवा, लाल टोक बॅटरीच्या प्लसला आणि काळं मायनसला लावा. १२.६ किंवा थोडं वर असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२च्या खाली गेली तर ती उतरलीच म्हणायची. गाडी नुकतीच बंद केली असेल तर हा आकडा फसवा असतो, कारण चार्जिंगचं वरवरचं व्होल्टेज काही तास टिकून राहतं. थांबायला वेळ नसेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावा, बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा.

दुसरं माप सेल्फ मारताना घ्यायचं. मीटरकडे दुसऱ्याला बघायला सांगा. आकडा ९.६च्या खाली गेला तर बॅटरीत दम नाही किंवा सेल्फच जास्त करंट ओढतोय. तिसरं माप गाडी चालू करून, इंजिन थोडं रेझ करून. आकडा १३.८ ते १४.५च्या दरम्यान स्थिर राहिला पाहिजे. मग हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर असेल तर तोही लावा. एवढा भार घेऊन आकडा १३.५च्या आसपास किंवा वर टिकला तर अल्टरनेटर आपलं काम करतोय.

हे तीन आकडे कागदावर लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात तक्रार आली की याच कागदाशी ताडून बघता येतं.

बॅटरी १२.६ दाखवते, तरी सेल्फ उचलत नाही. असं कसं?

टर्मिनल बघा. मीटर फारच थोडा करंट घेतो, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. सेल्फला मात्र शंभराच्या वर अँपिअर लागतात आणि तेवढे त्या जोडातून जात नाहीत. सेल्फ मारताना मीटरची टोकं आधी बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर टेकवा, मग त्याच खांबांवरच्या क्लॅम्पवर. दोन्ही आकड्यांत फरक आला की चोर तिथेच सापडला. आधी मायनस काढा, मग प्लस. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पांढरी-हिरवी भुकटी धुवा, पाणी बॅटरीच्या बुचांत जाऊ देऊ नका. धातू चकचकीत होईपर्यंत घासा आणि जोडताना आधी प्लस, शेवटी मायनस. काढताना मायनस आधी अशासाठी, की पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडू नये.

टर्मिनल स्वच्छ असूनही सेल्फ मारताना खांबांवरचं व्होल्टेज एकदम ९.६च्याही खाली कोसळत असेल तर बॅटरीतला एखादा सेल गेलेला असू शकतो. सहा सेल, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्ट. त्यातला एक मेला की उरतात साडेदहा. बुचं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (आतल्या आम्लाची घनता मोजणारी नळी) लावून खात्री करा: भरलेल्या सेलची घनता १.२६५ ते १.२८० येते, आणि एकच सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५०नं मागे असेल तर ती बॅटरी बदलायचीच.

गाडी चालू असताना बॅटरीवर १३ व्होल्टच दिसतात. अल्टरनेटर गेला का?

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून या प्रश्नाला थोडा वेळ देतो. अल्टरनेटर काढून देण्याआधी त्याच्याच पाठीवर मोजा. मागच्या जाड वायरीच्या नटाला बी प्लस म्हणतात. लाल टोक त्या नटावर, काळं टोक अल्टरनेटरच्या उघड्या धातूवर. तिथे १४.३ आणि बॅटरीवर १३ येत असतील तर अल्टरनेटर चांगला आहे, १.३ व्होल्ट वाटेत गळतायत. नवा अल्टरनेटर आणून बसवला तरी ते तिथेच गळत राहतील.

गळती प्लसच्या वाटेवर आहे की अर्थच्या (बॉडीतून मायनसकडे परतण्याच्या वाटेवर), हे शोधायचं. इंजिन चालू, हेडलाइट लावलेले, इंजिन मध्यम वेगावर. आता मीटरचं एक टोक बी प्लसवर आणि दुसरं बॅटरीच्या प्लस खांबावर. मीटर दाखवेल तो त्या वायरीतला ड्रॉप, म्हणजे वाटेत गळलेलं व्होल्टेज. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक, ०.५ झाला तर वायर किंवा जोड नक्की खराब. मग तसंच अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस खांब यांच्यामध्ये. इथे ०.२च्या वर काहीही खपवून घेऊ नका.

माझ्या गाडीत हेच होतं. दीड वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या, एक अल्टरनेटर उघडून कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) घातले, तरी पावसाळ्यात गाडी सकाळी रुसायची. शेवटी अर्थच्या बाजूला मोजलं तर पाऊण व्होल्ट. इंजिन आणि चासीमधली विणलेली अर्थिंगची पट्टी वरून धड दिसत होती, पण बोल्टखाली तिचे धागे हिरवे पडून तुटलेले होते. पट्टी बदलली, बोल्टखालचा रंग घासून काढला, आणि तो त्रास तिथेच संपला. अशी पट्टी पूर्ण तुटली तर सेल्फचा करंट अ‍ॅक्सिलरेटर किंवा क्लचच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर केबल गरम लागत असेल तर दुसरीकडे शोधू नका, आधी पट्टी बघा.

जुन्या गाडीत तांबं आतून काळवंडतं, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) पिचतात, कुणीतरी कधीतरी टेप गुंडाळून केलेले जोड तसेच राहतात. म्हणून मी नेहमी वायर आधी तपासतो आणि अल्टरनेटर नंतर.

एक सोपी खूण आणखी. इंजिन बंद असताना बी प्लसवर बॅटरीएवढंच व्होल्टेज आलं पाहिजे. शून्य आलं तर मधली जाड वायर तुटलीय किंवा तिच्यातला फ्यूज उडालाय.

बी प्लसवरही १२.५च येतात. मग?

मग आधी बेल्ट. इंजिन बंद करून चावी काढा आणि दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्यानं दाबा. साधारण १० मिलिमीटर दबला तर ताण योग्य. व्ही आकाराचा बेल्ट पुलीच्या भिंतींवर बसायला हवा. झिजून तळाला टेकला की कितीही ताणा, तो घसरणारच. अशा पुलीचा खाचेचा तळ घासून चकाकतो. गार सकाळी किंवा हेडलाइट लावल्यावर किंचाळल्यासारखा आवाज येणं हे घसरण्याचं लक्षण आहे. ताणाचा अतिरेकही करू नका, त्यानं अल्टरनेटरचं आणि पाण्याच्या पंपाचं बेअरिंग जातं.

बेल्ट ठीक असेल तर रोटरला (अल्टरनेटरच्या आत फिरणाऱ्या गुंडाळीला) करंट मिळतोय का ते बघा. त्यासाठी मला आवडणारी युक्ती: इंजिन बंद, चावी फक्त ऑन. एखादा लोखंडी पेचकस अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ न्या. तो ओढला गेला तर रोटर चुंबक झालाय, म्हणजे कार्बन आणि रोटरपर्यंत करंट पोचतोय. दोष स्टेटरमध्ये (रोटरभोवतीच्या स्थिर गुंडाळीत) किंवा डायोडमध्ये (एसीचं डीसी करणाऱ्या भागात) शोधावा लागेल. ओढ नसेल तर कार्बन झिजलेत, रेग्युलेटर गेलाय किंवा चार्जिंगच्या दिव्याची वायर तुटलीय. सगळ्या बनावटींत ही ओढ सारखी जाणवत नाही. म्हणून गाडी धड असतानाच एकदा करून बघा, म्हणजे हाताला अंदाज राहतो.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा काय सांगतो?

पुष्कळ सांगतो, पण त्यासाठी तो कसा चालतो ते माहीत हवं. बहुतेक जुन्या गाड्यांत या बल्बचं एक टोक इग्निशनच्या प्लसला आणि दुसरं अल्टरनेटरला असतं. चावी ऑन केली की करंट बल्बमधून रोटरमध्ये जातो, म्हणून बल्ब पेटतो आणि रोटरला पहिलं चुंबकत्वही त्यातूनच मिळतं. अल्टरनेटर करंट बनवू लागला की बल्बच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज येतं आणि तो विझतो.

यातून बरंच उलगडतं. चावी ऑन केल्यावर दिवा लागतच नसेल तर खूश होऊ नका. बल्ब उडालेला असू शकतो, आणि तेवढ्या एका बल्बपायी काही गाड्यांत इंजिन खूप रेझ केल्याशिवाय चार्जिंग सुरूच होत नाही. चावी ऑन ठेवून अल्टरनेटरवरची बल्बची बारीक वायर काढा आणि क्षणभर बॉडीला टेकवा. दिवा लागला तर बल्ब आणि वायर चांगली, दोष अल्टरनेटरच्या आत; लागला नाही तर बल्ब, वायर किंवा त्याचा फ्यूज. मात्र वायर नक्की तीच आहे ना, याची खात्री करूनच टेकवा. जाड वायर बॉडीला लागली तर जाळ होईल.

इंजिन चालू असूनही दिवा लागलेलाच राहिला तर इंजिन बंद करून तीच बारीक वायर काढा आणि चावी पुन्हा ऑन करा. दिवा विझला तर अल्टरनेटर चार्ज करत नाही. तरीही पेटत राहिला तर ती वायर कुठेतरी सोलून बॉडीला लागलीय, आणि अल्टरनेटरवर उगाच आळ येतोय.

दिवा धड पेटतही नाही, विझतही नाही. मंद जळत राहतो.

दोन्ही टोकांच्या व्होल्टेजमध्ये थोडा फरक पडतोय. भार वाढवला की जास्त उजळत असेल तर इग्निशन स्विचमध्ये, फ्यूज बॉक्समध्ये किंवा बी प्लसच्या वायरीत ड्रॉप शोधा. तिथे काही नसेल तर डायोड. चावी काढल्यावरही दिवा मंद जळत राहिला तर डायोड शॉर्ट झाल्याची ती जवळजवळ पक्की खूण. मग रात्री बॅटरीची वायर काढूनच झोपा.

डायोड तपासायला मीटर एसीवर ठेवा आणि गाडी चालू असताना बॅटरीवर मोजा. चांगल्या अल्टरनेटरला ०.१ व्होल्टच्या आत येतं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर डायोड गेलाय. असा अल्टरनेटर डीसीवर १३.६ वगैरे दाखवून फसवतो, पण भार टाकला की मान टाकतो. रेडिओवर इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टीही ऐकू येते. स्वस्त मीटर एसी मापताना डीसीही मिसळून विचित्र आकडा देतात, तेव्हा आधी गाडी बंद असताना एसीवर मोजून बघा. तिथे शून्याच्या जवळ यायला हवं.

नवी बॅटरी टाकली, चार्जिंगही १४.२ आहे, तरी चार दिवस गाडी उभी राहिली की बसते.

कुणीतरी उभ्या गाडीत करंट पितंय. सगळे दरवाजे लावा, चावी काढा. मायनसची वायर काढून खांब आणि वायर यांच्यामध्ये मीटर जोडा, १० अँपिअरच्या खाचेत. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, हेडलाइट लावू नका. मीटरचा फ्यूज उडेल.

घड्याळ आणि रेडिओची मेमरी एवढंच असलेल्या गाडीत २० ते ३० मिलिअँपिअर चालून जातात. ५०च्या वर गेलं तर शोध घ्या. हिशोब साधा आहे: ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास, ४५ अँपिअर-तासांची बॅटरी ते आठवडाभर सहज सोसते. पण डिकीतला एक ५ वॉटचा बल्ब जळत राहिला की चारशेच्या वर मिलिअँपिअर, म्हणजे दिवसाला दहा अँपिअर-तास. तीन-चार दिवसांत सकाळचा सेल्फ गेला.

आता एकेक फ्यूज काढत जा आणि मीटरकडे बघा. ज्या फ्यूजला आकडा खाली येतो त्या वाटेवर दोषी आहे. डिकीचा आणि डॅशबोर्डच्या कप्प्याचा दिवा, चिकटलेला रिले (विजेनं चालणारा स्विच), आणि नंतर कुणीतरी बसवलेला म्युझिक सिस्टिम किंवा अलार्म, यांवर माझा पहिला संशय असतो. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही तर अल्टरनेटर राहतो. आधी मीटर बाजूला काढा, म्हणजे मायनस पूर्ण सुटी होते आणि बी प्लसची वायर बिनधोक काढता येते; ती टेपनं झाकून, मीटर पुन्हा जोडून मोजा. आता शून्यावर आलं तर डायोडमधूनच गळती होती.

बॅटरीचं पाणी सारखं आटतं आणि बल्ब उडतात.

चार्जिंग जास्त होतंय. रेझ केल्यावर १४.८च्या वर जात असेल तर काळजी घ्या, १५ ओलांडत असेल तर दुरुस्तीपर्यंत गाडी चालवू नका. सडक्या अंड्यासारखा वास आणि गरम, फुगलेली बॅटरी दिसली तर इंजिन बंद करा, ठिणगी किंवा काडी जवळ नेऊ नका, बॅटरी थंड होईपर्यंत टर्मिनलला हात लावू नका. त्यातून हायड्रोजन बाहेर पडत असतो आणि तो भडकतो.

बहुतेक वेळा रेग्युलेटर जातो. पण रेग्युलेटर बाहेर असेल तर त्याचा अर्थ आणि बॅटरीचं व्होल्टेज त्याला सांगणारी वायर आधी बघा. त्याच्यापर्यंत व्होल्टेज कमी पोचलं तर त्याला वाटतं बॅटरी उपाशी आहे, आणि तो आणखी चार्जिंग सोडतो. पत्र्यावरचा गंज घासून बोल्ट आवळल्यावर रेग्युलेटर सुधारलेले मी पाहिले आहेत. कडाक्याच्या थंडीत आकडा थोडा वर आणि उन्हाळ्यात थोडा खाली असणं मात्र स्वाभाविक आहे.

इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची, गाडी बंद पडली नाही तर अल्टरनेटर चांगला. ही परीक्षा करावी का?

नाही. कुणी कितीही अनुभवी माणूस करत असला तरी तुमच्या गाडीवर करू देऊ नका. बॅटरी व्होल्टेजचे झटके झेलून घेते. ती काढली की क्षणात कित्येक पट व्होल्टेज उसळतं आणि रेग्युलेटर, डायोड, इलेक्ट्रॉनिक इग्निशन यांतलं काहीही जळू शकतं. ही सवय डायनामोच्या, म्हणजे अल्टरनेटरच्या आधीच्या चार्जिंग यंत्राच्या, काळातली आहे. तेव्हा गाडीत जळण्यासारखं इलेक्ट्रॉनिक काही नव्हतं. मीटर असताना तिची गरजही नाही.

माझ्या गाडीत अल्टरनेटर नाही, खराच डायनामो आहे. हेच आकडे लागू होतात का?

बोलताना अल्टरनेटरलाही डायनामो म्हणतात, म्हणून आधी बघून घ्या. लांबट नळकांड्यासारखा, वेगळा कटआउट (डायनामो मंदावला की त्याला बॅटरीपासून तोडणारा स्विच) आणि रेग्युलेटरचा डबा असलेला तो डायनामो. तो आयडलिंगला जवळजवळ चार्ज करत नाही, त्यामुळे सिग्नलला लाल दिवा लुकलुकला आणि हेडलाइट पिवळे पडले तर घाबरू नका. रेझ केल्यावर दिवा विझला पाहिजे.

दोन टर्मिनलच्या डायनामोची सरळ परीक्षा अशी: डी आणि एफ या दोन्ही वायरी काढा, दोन्ही टर्मिनल एका छोट्या वायरीनं एकमेकांना जोडा, मीटर तिथे आणि बॉडीवर लावा. इंजिन हळूहळू साधारण १००० फेऱ्यांपर्यंत न्या. व्होल्टेज सुरळीत चढत गेलं तर डायनामो चांगला, दोष डब्यात किंवा वायरीत. २० व्होल्टच्या पुढे जाऊ देऊ नका. काही चढलंच नाही तर कार्बन आणि कॉम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) बघा. आणि या वयाच्या काही गाड्यांत प्लस बॉडीला जोडलेला असतो. बॅटरी किंवा चार्जर लावण्याआधी हे तपासलं नाही तर मोठं नुकसान होतं.

उतरलेली बॅटरी धक्का मारून चालू केली. गाडी फिरवून भरेल का?

थोडीफार. अल्टरनेटर बॅटरी भरलेली ठेवण्यासाठी असतो. पार रिकामी बॅटरी त्याच्या गळ्यात घातली तर तो बराच वेळ पूर्ण ताकदीनं चालतो आणि तापतो. रात्रभर चार्जरवर लावणं दोघांच्याही भल्याचं.

अल्टरनेटर उघडला तर काय बदलावं?

कार्बन आणि दोन्ही बेअरिंग, असा माझा सल्ला. उघडलाच आहे तर स्लिप रिंगही (कार्बन टेकतात त्या रोटरवरच्या कड्या) पुसून, खाच पडली नाही ना ते बघून घ्या. हलकीशी टपली मारल्यावर काही वेळ चार्जिंग परत येत असेल तर कार्बन संपल्याचंच ते लक्षण असतं, त्या टपलीवर महिने काढू नका. गुरगुर येत असेल तर बेल्ट उतरवून पुली हातानं फिरवा. खरखर हाताला लागते.

जास्त वॉटचे हेडलाइट बसवल्यापासून त्रास सुरू झाला. संबंध असेल?

बेरीज करून बघा. १०० वॉटचे दोन बल्ब म्हणजे सोळा-सतरा अँपिअर, त्यावर पंखा, वायपर, इग्निशन. जुना अल्टरनेटर ३५ अँपिअरचा असेल तर तोही पूर्ण वेगावर, आयडलिंगला बराच कमी. ट्रॅफिकमध्ये दररोज थोडी थोडी बॅटरी खर्च होत राहते. मूळ वॉटचे बल्ब रिलेवर आणि चांगल्या वायरीवर घेतले तर उजेडही पुष्कळ सुधारतो.

रस्त्यातच लाल दिवा लागला. किती लांब जाता येईल?

आधी थांबून बेल्ट बघा. तो तुटला असेल आणि पाण्याचा पंपही त्यावरच असेल तर एक किलोमीटरही जाऊ नका, इंजिन तापून बसेल. बेल्ट जागेवर असेल तर सगळा भार बंद करा: रेडिओ, ब्लोअर, लावलेला फोन चार्जर. दिवसा पेट्रोल गाडीला इग्निशनपुरते चार-पाच अँपिअर लागतात, त्यामुळे धडधाकट बॅटरीवर दोन-तीन तास निघू शकतात. रात्री हेडलाइट आणि वायपर लागले तर तासाच्या आतच थांबण्याची जागा शोधा. जुन्या डिझेल इंजिनाला चालत राहायला वीज फारशी लागत नाही, पण काहींच्या पंपावरचा बंद करण्याचा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) करंट गेला की इंजिन बंद करतो. कुठल्याही गाडीत, ठिकाणावर पोचेपर्यंत इंजिन बंद करू नका. पुन्हा सेल्फ मारण्याइतका करंट उरलेला नसेल.